ओल राहू द्या, पाणी तुंबू देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत मागच्या आठवड्यात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. पाऊस सुरू झाला की तळमजल्यावर गांडुळं, गोगलगायी आणि बेडूक येतात, मुलं किंचाळतात, जिन्यात चिकट रेघा उमटतात. तेव्हा सोसायट्यांनी इमारतीभोवतीची माती काढून सरसकट काँक्रीट करून घ्यावं आणि पावसाळाभर औषध फवारावं, असा त्यांचा सल्ला. पत्र नेटकं होतं. सल्ला वाईट आहे. आणि तसं म्हणायचा मला थोडा अधिकार आहे, कारण मी उभी हयात वॉटरप्रूफिंगची कामं घेतली. ओल बंद करण्याचे लोक मला पैसे द्यायचे. सदाशिव पेठेतल्या वाड्यांच्या मोऱ्यांपासून कोथरूडच्या उंच इमारतींच्या गच्च्यांपर्यंत मी ती बंद केली, आणि त्याची मला लाज वाटत नाही. घराच्या आत ओल नकोच. प्रश्न घराबाहेरच्या मातीचा आहे.

गच्ची बघायला गेलो की घरमालक आधी खालच्या खोलीतला छताचा डाग दाखवायला धडपडायचे. मी वर जाऊन शेवाळ बघायचो. दिवाळी उलटली की गच्चीवरचं शेवाळ काळं पडतं, पायाखाली कुरकुरतं. अशा वेळी चायना चिप्सच्या (चिनी फरशीच्या तुकड्यांच्या) सांध्यात किंवा पॅरापेटच्या वाट्याला, म्हणजे कठड्याच्या पायथ्याच्या गोलसर कडेला, लागून एखादा पट्टा हिरवागार राहिला असेल, तर तिथे कोब्याखाली पाणी अडकलंय असं समजायचं आणि तिथेच फोडायचं. ओल मोजायची यंत्रं पुढे आली, मीही एक घेतलं. पण शेवाळाने दाखवलेली जागा सहसा चुकली नाही.

हे असं का होतं, ते मला एरंडवण्यातल्या एका गिऱ्हाईक बाईंनी समजावलं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गच्चीचं काम चालू असताना त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि मला उकिडवं बसवलं. शेवाळाला (इंग्रजीतल्या 'मॉस'ला) खरी मुळं नाहीत. खालून वर पाणी चढवणाऱ्या नळ्या नाहीत. पान म्हणावं तर बहुतेक जागी एकाच पेशीच्या जाडीचं, आणि आंब्याच्या पानावर असतो तसा मेणाचा लेप त्यावर जवळजवळ नाहीच. म्हणजे पाणी अंगावर पडलं की अंगभर प्यायचं आणि हवा कोरडी झाली की अंगभर सुकायचं. सुकलं तरी ते मरत नाही, थांबतं. जूनची पहिली सर पडली की काळी गच्ची बघता बघता हिरवी दिसायला लागते, ती त्यामुळे.

बाईंनी पुढे सांगितलेल्या गोष्टीचं मला आजही नवल वाटतं. शेवाळाचं नरबीज पोहतं. दोन शेपट्या हलवत, ओल्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या पातळ थरातून ते मादीपर्यंत जातं. थर नसेल तर गाठ पडत नाही. कोरडेपणा सोसता येतो, पण कोरड्यात वंश चालत नाही. नेच्याचंही (फर्नचंही) तेच. जुन्या विहिरींच्या बांधकामात हंसराज लोंबताना दिसतो. त्याच्या बीजाणूतून आधी नखापेक्षा लहान, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा एक हिरवा पापुद्रा उगवतो आणि त्याच्या पोटाखालच्या ओलीत पोहण्याचा हाच कार्यक्रम होतो. त्यातून पुढे आपण ओळखतो तो नेचा वाढतो. आंब्या-चिंचेने, गवताने यातून सुटका करून घेतली: त्यांचा पराग वाऱ्यावर किंवा माशीच्या पायावर जातो. शेवाळ नि नेचे तसे गेले नाहीत. सुमारे सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, तेव्हाची अट यांनी अजून पाळली आहे.

त्याच बाईंनी गच्चीवरच्या शेवाळाची चिमूट पाण्यात भिजत घालून दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. आठ पायांचा, गुबगुबीत, एक मिलिमीटरहूनही लहान प्राणी त्यात ढुंगण हलवत चालला होता. शास्त्रज्ञ याला पाण्यातलं अस्वल म्हणतात. शेवाळ सुकलं की तोही आक्रसून गोळी होतो आणि पाणी मिळेपर्यंत तसाच पडून राहतो. २००७ साली अशा सुकलेल्या प्राण्यांना यानातून अंतराळात नेऊन उघड्यावर ठेवलं, त्यातले काही परत येऊन पाण्यात घातल्यावर चालायला लागले. एवढा चिवट! पण खायला, चालायला, अंडी घालायला त्यालाही अंगाभोवती पाण्याचा थर लागतोच. मी त्या गच्चीवर नंतर ॲसिड मारून सगळं घासून काढलं. कामच होतं ते.

आता बेडूक. इथे मला माझ्याच धंद्याची भाषा सोपी पडते. रंगकंपन्यांचे लोक आमच्याकडे 'श्वास घेणारा' लेप विकायला यायचे: बाहेरचं पाणी आत येणार नाही, भिंतीतली वाफ बाहेर जाईल. भिंतीला तेवढं पुरतं. बेडकाला पुरत नाही, कारण त्याला ऑक्सिजन आत यायला हवा आणि वाफ मात्र बाहेर जायला नको. आता ऑक्सिजनचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा मोठा. मोठ्याला वाट दिली की धाकटा आपसूक निसटणार. एकाला सोडून दुसऱ्याला पुरतं अडवील अशी कातडी कुठल्याच सजीवाला जमलेली नाही. शिवाय ऑक्सिजन आधी पाण्यात विरघळतो आणि मग आत झिरपतो, म्हणून बेडकाच्या कातडीतल्या ग्रंथी चिकट स्राव सोडून ती ओली ठेवतात. त्याला फुप्फुसं आहेत, पण शरीरातल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग कातडीवाटेच जातो. पाणीसुद्धा तो तोंडाने पीत नाही. ओल्या जमिनीवर पोट आणि मांड्या टेकवून बसतो आणि तिथल्या पातळ कातडीतून शोषून घेतो. एप्रिलमध्ये मोरीच्या कोपऱ्यात किंवा तुळशीच्या कुंडीमागे एखादा बेडूक हलायचं नाव घेत नाही, तेव्हा बहुधा त्याचं पाणी पिणं चाललेलं असतं. त्याला झाडूने ढकलू नका.

अंड्यांचं आणखी अवघड. बेडकाच्या अंड्याला कवच नाही, नुसता जेलीसारखा गोळा. उन्हात ठेवला की संपला. पालीच्या, कोंबडीच्या अंड्याला कवच आहे, आत पिल्लापुरतं पाणी भरलेलं आहे, म्हणून पाल ट्यूबलाइटच्या पट्टीमागेसुद्धा संसार थाटते.

गांडुळाला फुप्फुसंही नाहीत आणि कल्लेही नाहीत. सगळा श्वास कातडीतून. पावसात बिळात पाणी शिरून त्याचा जीव गुदमरतो म्हणून ते वर येतं, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. ते तितकंसं खरं नाही; पाण्यात ऑक्सिजन असेल तर गांडूळ पाण्याखाली बरेच दिवस काढतं. वर येण्याचं दुसरं कारण अधिक पटण्यासारखं आहे. भुसभुशीत जमीन पोखरत हातभर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ओल्या पृष्ठभागावरून ते कितीतरी लांब जातं, आणि तेवढा वेळ अंग सुकत नाही. प्रवासाची ही एकच संधी. मग सकाळी ऊन पडतं. खाली माती असेल तर ते शिरतं. खाली फरशी असेल तर आठ वाजेपर्यंत दोरी होते. पत्रलेखक गृहस्थांना त्यांच्या पार्किंगमध्ये ज्या मेलेल्या गांडुळांची किळस येते, ती काँक्रीटमुळेच तिथे मेलेली आहेत. आणखी काँक्रीट टाकून ती कमी कशी होणार?

कुणी म्हणेल, झुरळं नाहीत का कोरड्यात मजेत राहत? राहतात. झुरळाचं वॉटरप्रूफिंग मी केलेल्या कुठल्याही गच्चीपेक्षा सरस आहे. अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर आणि श्वासाची भोकं बंद करायला झडपा. तो थर गेला की झुरळही सुकून मरतं. आजी वाल-चवळीला राख चोळून डब्यात भरायची, त्यात हीच युक्ती आहे: राखेच्या बारीक कणांनी किड्याचं मेण खरवडलं जातं आणि अंगातलं पाणी उडून जातं. आपली गत वेगळी नाही. आपल्या फुप्फुसांतले कोट्यवधी फुगे आतून ओलेच असतात. ओल छातीत बंद करून आपण लक्ष्मी रोडवर हिंडतो एवढंच. बेडकाने ती बाहेर ठेवली, म्हणून त्याला ती बाहेरूनही मिळावी लागते.

आणि पुणं हे काही ओलं गाव नाही. घाटमाथ्यावर धो धो कोसळून ढग इथे येतात तेव्हा निम्मे रिकामे झालेले असतात. ताम्हिणीत, महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर, आणि आपल्या शहरात वर्षाला सातशेच्या आसपास. तोही बहुतेक चार महिन्यांत. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. मग इतके महिने हे जीव करतात काय? खाली जातात. गांडूळ खोल जाऊन वेटोळं घालून पडतं. गोगलगाय शंखाच्या तोंडावर स्रावाचा पडदा सुकवून आत निजते. आमच्या तळजाई टेकडीच्या उतारावर बिळात राहणारे बेडूक आहेत. मागच्या पायाच्या टाचेजवळ फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो, त्याने माती मागे ढकलत ते पाठमोरे जमिनीत उतरतात. पुण्यातल्याच अभ्यासकांनी २०१७ मध्ये या गटातली एक जात वेगळी म्हणून नोंदवली आणि तिला 'पश्चिमा' नाव दिलं. काही वनस्पती जागच्या जागी सुकून बसतात. आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली, ज्या वाळून पुन्हा हिरव्या होतात. म्हणजे आपल्या भागातल्या जिवांना दुष्काळ नवा नाही. त्यांना लागतं काय, तर उतरायला मऊ माती, वर पालापाचोळ्याचं पांघरूण, आणि पाऊस आल्यावर तो जमिनीत शिरेल अशी जागा. आपण नेमकं तेवढंच काढून घेतोय.

मी सहकारनगरला राहतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारत नि कुंपण यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय आला आहे. कारण सांगितलं ते असं की उघड्या मातीमुळे तळमजल्याच्या भिंतींना ओल येते. हे मी धंद्यातला माणूस म्हणून खोडून काढतो. भिंत ओली होते ती जोत्याची ओलरोधक पट्टी नसते किंवा फुटलेली असते म्हणून, किंवा पावसाचं पाणी उताराअभावी भिंतीलगत थांबतं म्हणून. त्यावर इलाज म्हणजे भिंतीला लागून दोन-अडीच फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली काँक्रीटची पट्टी. प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात त्याला. त्यापलीकडे माती उघडी राहिली तर बिल्डिंगला फायदाच आहे, कारण जमिनीतली वाफ वर निघून जाते. कुंपणापर्यंत सगळं झाकलंत, तर तीच वाफ वाट शोधत भिंतीत चढते. पेठांमधल्या जुन्या दगडी जोत्यांना लोकांनी हौसेने सिमेंटचा गिलावा मारला आणि दोन पावसाळ्यांत पोपडे नि लोणा (भिंतीवर फुटणारा खार) दोन हात वर सरकला, हे मी किती घरांत पाहिलंय! तिथे चुन्याचाच गिलावा हवा. तो ओल घेतो आणि सोडतो. दगडांच्या फटीत मग थोडं शेवाळ येतं, येऊ द्या. त्याने वाडा पडत नाही. पिंपळ आला तर मात्र लगेच काढा.

पत्रलेखकांचा डासांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. डेंग्यू आमच्याही घरात होऊन गेला आहे. पण डासाच्या अळीला ओल पुरत नाही, तिला साचलेलं पाणी लागतं. कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, कूलरची टाकी, आणि हो, उतार चुकलेल्या पेव्हर ब्लॉकवरची डबकी. डेंग्यूच्या डासाचं अंडं तर कोरड्यात कित्येक महिने टिकतं, म्हणून भांडं नुसतं रिकामं न करता घासावं लागतं. पाचोळ्याखालच्या दमट मातीत या डासाची अळी वाढत नाही. पाणी तुंबतं तिथे उतार द्या, भांडी घासा. मातीला कशाला शिक्षा?

फवारणीचं म्हणाल तर ज्या कातडीतून बेडूक पाणी पितो, त्याच कातडीतून औषधही आत जातं. झुरळाला मेणाचं चिलखत आहे, बेडकाला नाही. म्हणजे ज्याच्यासाठी फवारलं तो वाचण्याची शक्यता जास्त आणि डास-किडे खाणारा आधी मरणार.

एका बाबतीत मी पत्रलेखकांच्या बाजूचा आहे. हाताच्या पंजाएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या ज्या मोठ्या गोगलगायी बागेत दिसतात, त्या इथल्या नाहीत. ती आफ्रिकन गोगलगाय; १८४७ मध्ये एका ब्रिटिश हौशी संग्राहकाने कोलकात्याला आणून सोडली आणि तिथून ती देशभर पसरली. ती कोवळं सगळं फस्त करते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची रोपं उगवताच खाल्ली, ते आपल्याच पानांवर वाचलं होतं. हिला वेचून काढायलाच हवं, पण तिची ओलीची गरज वापरून. शेतकरी करतात ते करा: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी झाडांजवळ पसरायचं. रात्री चरून झालं की पहाटे लपायला दमट आडोसा म्हणून त्या गोणपाटाखाली जमतात. सकाळी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. हातमोजे घाला, कारण उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या त्यांच्या अंगात असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. मुलांना हात लावू देऊ नका. बागेत मीठ शिंपडणं मात्र बंद करा. त्याने गोगलगाय तडफडून मरते, पण ते मीठ मातीतच राहतं आणि गांडुळांच्या अंगातलंही पाणी ओढतं.

झाडांबद्दल एक. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्या रस्त्यावरच्या झाडांना फुटपाथ करणाऱ्यांनी बुंध्याला चिकटून ब्लॉक बसवलेत, काही ठिकाणी वरून सिमेंटची घोटाईसुद्धा केली आहे. घोटाई उत्तम आहे, मी कौतुक करतो. चुकीच्या जागी आहे. आंबिल ओढा आमच्यापासून लांब नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुराने काय केलं ते इथे कुणी विसरलेलं नाही. त्याला कारणं अनेक होती, पण आजूबाजूच्या एवढ्या जमिनीत पाऊस जिरायला जागा न उरणं हे त्यातलं एक होतंच, आणि ते कारण प्रत्येक सोसायटीच्या साइड मार्जिनमधून थोडं थोडं वाहत जातं.

ब्लॉक बसवायचेच असतील, गाड्यांसाठी काही जागी लागतीलच, तर खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, टाकू नका. खडी, वर वाळू, वर ब्लॉक, सांध्यात वाळू. कंत्राटदार सांगेल की खचेल. चांगली धुमसणी केली, म्हणजे ठोकून घट्ट केलं, तर खचत नाही. त्याला धुमसणीचा खर्च वाचवायचा असतो. मागच्या बाजूला, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे माती तशीच ठेवा आणि पाचोळा जाळू नका, कुंपणाच्या कडेला ढकला. आमच्या सभेत मी हा प्रस्ताव लेखी देणार आहे. दुसऱ्या कुठल्या सोसायटीला प्लिंथ प्रोटेक्शनचं आणि विनापीसीसी ब्लॉकचं अंदाजपत्रक हवं असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. फी घेणार नाही, चहा मात्र लागेल.

आपला,
एक निवृत्त वॉटरप्रूफिंगवाला
सहकारनगर, पुणे